विश्लेषण : विजेच्या ट्राममुळे मुंबईची वेधशाळा अलिबागला गेली, तिचा आजच्या छोट्या उपग्रहांशी काय संबंध? कोण होते नानाभाई मूस?

धाराशिव शहराच्या बरोबर माथ्यावरून, ५०० किलोमीटर उंचीवरून एक छोटा उपग्रह चालला आहे आणि त्याला शहराचे छायाचित्र घ्यायचे आहे, असे समजा. त्याचे तोंड जेमतेम अडीच अंशांनी दक्षिणेकडे कलले, तरी छायाचित्र धाराशिवऐवजी तुळजापूरच्या आसपासचे येईल. पीकपाहणी असो, तलावातल्या पाण्याचा अंदाज असो की दळणवळण, उपग्रहाला योग्य दिशेला वळवून तिथे स्थिर ठेवता आले नाही तर त्याच्या कॅमेऱ्याचा उपयोग नाही. हे वळवण्याचे काम करणाऱ्या यंत्रणेला ‘अ‍ॅक्च्युएटर’ म्हणतात. छोट्या उपग्रहांमधला सर्वांत स्वस्त आणि साधा अ‍ॅक्च्युएटर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर चालतो. हे क्षेत्र आपल्या भागात किती आहे आणि ते कसे बदलते, याची जगातल्या सर्वांत जुन्या सलग नोंदींपैकी एक मुंबई-अलिबागची आहे. ही नोंद तुटू न देणाऱ्या नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांच्याविषयी...

अंतराळात उपग्रहाचे तोंड फिरवतात कसे?

जमिनीवरची गाडी रस्त्याला टेकून वळते. अंतराळात टेकायला काहीच नसते. त्यामुळे उपग्रहाकडे मुख्यतः तीन मार्ग उरतात. पहिला म्हणजे छोटे थ्रस्टर. त्यातून वायू बाहेर सोडायचा आणि उलट दिशेचा धक्का घ्यायचा. मात्र इंधन संपले की काम संपले. दुसरा म्हणजे रिअ‍ॅक्शन व्हील. उपग्रहाच्या पोटातले एक जड चाक मोटरने एका दिशेला फिरवले की संपूर्ण उपग्रह उलट दिशेला वळतो. तिसरा म्हणजे मॅग्नेटोर्कर. ही तांब्याच्या तारेची साधी गुंडाळी असते. तिच्यातून वीज सोडली की ती चुंबक बनते आणि होकायंत्राच्या सुईसारखी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळवून घेऊ पाहते. सुईबरोबर उपग्रहही वळतो.

मॅग्नेटोर्करला इंधन लागत नाही आणि त्यात झिजणारा भागही नसतो. सौरपट्ट्यांतून मिळणाऱ्या विजेवर तो वर्षानुवर्षे चालू शकतो. मात्र त्याची ताकद फार कमी असते. दहा सेंटिमीटरच्या घनाकृती उपग्रहातली ०.१ अँपिअर-चौरस मीटर क्षमतेची गुंडाळी कक्षेत जो पीळ देते, तो साधारण एक मिलिग्रॅम वजन ३० सेंटिमीटर लांब दांडीच्या टोकाला टांगल्यावर पडणाऱ्या पिळाइतका असतो. एक मिलिग्रॅम म्हणजे मिठाचे मोजके दाणे. इतक्या नाजूक जोरावर काम करायचे, तर त्या ठिकाणचे चुंबकीय क्षेत्र नेमके किती आणि कोणत्या दिशेला आहे, हे माहीत असावेच लागते.

कोण होते नानाभाई मूस?

मूस यांचा जन्म १८५९ मधला, मुंबईच्या पारशी समाजातला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरच्या सुरुवातीला सूर्यावरच्या एका प्रचंड स्फोटानंतर पृथ्वीवर नोंदले गेलेले सर्वांत मोठ्या वादळांपैकी एक चुंबकीय वादळ आले. इतिहासात ते ‘कॅरिंग्टन घटना’ म्हणून ओळखले जाते. या वादळात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतले निरीक्षक उपकरणांवर डोळे लावून आकडे टिपत होते. पुढे हीच वेधशाळा मूस यांच्या हाती आली.

मूस यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि स्कॉटलंडमधील एडिंबरा विद्यापीठातून विज्ञानाची पदवी मिळवली. एडिंबराच्या रॉयल सोसायटीचे ते फेलो होते. १८९६ मध्ये वेधशाळेचे संचालक चार्ल्स चेंबर्स यांचे निधन झाल्यानंतर हे पद मूस यांच्याकडे आले. कुलाबा वेधशाळेचे ते पहिले भारतीय संचालक. त्या वेळी त्यांचे वय चाळिशीच्या आत होते. सरकारी वैज्ञानिक संस्थांची प्रमुखपदे जवळपास पूर्णपणे इंग्रजांकडे असण्याचा तो काळ. त्याच वर्षी मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली होती.

कुलाब्यात नेमके काय मोजले जात होते?

ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाब्याला वेधशाळा उभारली, ती मुख्यतः खगोल निरीक्षणासाठी आणि बंदरातल्या जहाजांना अचूक वेळ कळावी म्हणून. १८४१ पासून तिथे चुंबकीय मोजमाप सुरू झाले आणि १८४६ पासून ते नियमित झाले.

उपकरणाची कल्पना सोपी होती. एक छोटा चुंबक बारीक धाग्याला टांगायचा आणि त्याला आरसा जोडायचा. पृथ्वीचे क्षेत्र किंचित बदलले की चुंबक किंचित हलतो आणि आरशावरून परावर्तित होणारा प्रकाशाचा ठिपका बराच सरकतो. सुरुवातीला माणसे दुर्बिणीतून हे आकडे वाचून वहीत लिहीत. पुढे १८७० च्या दशकात हा ठिपका फिरत्या रिळावरच्या फोटोच्या कागदावर पडू लागला आणि दिवसरात्रीची रेघ आपोआप उमटू लागली.

मुंबई परिसरात पृथ्वीचे आडवे चुंबकीय क्षेत्र ३८ हजार नॅनोटेस्लाच्या आसपास आहे. शांत दिवशी ते दिवसभरात काही दहा नॅनोटेस्लांनीच खालीवर होते, म्हणजे हजारात एखाद्या भागाने. वेधशाळेला नेमका हाच बदल टिपायचा असतो.

विजेच्या ट्रामशी वेधशाळेचे काय वाकडे होते?

मुंबईत १८७४ पासून घोड्यांच्या ट्राम धावत होत्या. विसावे शतक उजाडता उजाडता त्या विजेवर नेण्याच्या हालचाली सुरू झाल्या. शहराच्या दृष्टीने ही प्रगती होती. घोड्यांची हालअपेष्टा संपणार होती आणि वेग वाढणार होता.

वेधशाळेसाठी मात्र हा धोका होता. विजेच्या ट्रामला वरच्या तारेतून डीसी वीज मिळते आणि ती रुळांमधून परत जाते. यातला काही प्रवाह रुळांमधून जमिनीत झिरपतो. वीज वाहते तिथे चुंबकीय क्षेत्र तयार होते. ट्राम सुटली, थांबली, वेग घेतला की हा प्रवाह बदलतो. परिणामी कागदावरची रेघ सतत थरथरत राहते. मग हा थरथराट सूर्यामुळे आला की कुलाब्याच्या ट्राममुळे, हे वेगळे काढता येत नाही.

हा प्रश्न फक्त मुंबईचा नव्हता. कॅनडात टोरांटोची चुंबकीय वेधशाळा विजेच्या ट्राममुळेच १८९८ मध्ये अ‍ॅजिनकोर्टला गेली. लंडनजवळच्या क्यू वेधशाळेचे चुंबकीय काम पुढे स्कॉटलंडमधल्या एस्कडेलम्यूरला हलवावे लागले. मूस यांच्यापुढचा पेच मोठा होता, कारण त्यांच्या हाती पन्नास वर्षांहून जुनी सलग मालिका होती. ट्राम रोखता येणार नव्हती. वेधशाळा तिथेच राहिली असती तर पुढच्या नोंदी निरुपयोगी ठरल्या असत्या. ती घाईने हलवली असती तर जुन्या आणि नव्या आकड्यांचा सांधा तुटला असता.

अलिबागच का? आणि दगड बाहेरून का आणला?

नवी जागा मुंबईपासून दूर हवी होती, पण इतकी दूर नको की तिथले चुंबकीय हवामानच वेगळे असेल. मुंबईच्या दक्षिण-आग्नेयेला सुमारे ३० किलोमीटरवरचे अलिबाग निवडले गेले. हे गाव तेव्हा कुलाबा जिल्ह्याचे मुख्यालय होते आणि समोरच्या समुद्रात कुलाबा किल्ला उभा होता. मुंबईच्या कुलाब्यातली वेधशाळा अशा रीतीने दुसऱ्या कुलाब्यात गेली. हाच जिल्हा पुढे रायगड झाला.

इमारत बांधताना आणखी एक अडचण होती. पश्चिम महाराष्ट्रापासून मराठवाड्यापर्यंत पसरलेला काळा दगड म्हणजे बेसॉल्ट. धाराशिव जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात हाच दगड आहे आणि नळदुर्गच्या किल्ल्याच्या भिंतीही त्याच्याच. या दगडात मॅग्नेटाइट नावाचे लोहखनिज असते, त्यामुळे तो स्वतःच थोडाफार चुंबक असतो. अशा दगडाच्या खोलीत ठेवलेले नाजूक उपकरण आधी भिंतच मोजेल. म्हणून अलिबागसाठी चुंबकीय खनिजे नसलेला पोरबंदरचा फिकट दगड वापरण्यात आला. बांधकामात लोखंड टाळले गेले.

तापमानाचाही विचार करावा लागला. चुंबक तापला की त्याची ताकद किंचित कमी होते. त्यामुळे उपकरणांची खोली जाड भिंतींच्या आत अशी बसवली गेली की बाहेर ऊन-सावली काहीही असो, आतले तापमान दिवसभरात जवळजवळ हलू नये. वातानुकूलन यंत्राशिवाय हे साधले गेले.

दोन ठिकाणी एकाच वेळी मोजमाप कशासाठी?

मूस यांच्या कामातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच. १९०४ मध्ये अलिबागला नोंदी सुरू झाल्या, पण कुलाब्याच्या नोंदी त्याच दिवशी बंद झाल्या नाहीत. १९०४ ते १९०६ अशी सुमारे दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमाप चालू राहिले. शांत दिवस, वादळी दिवस, उन्हाळा, पावसाळा अशा सगळ्या परिस्थितींत दोन्ही ठिकाणच्या आकड्यांत किती फरक पडतो, हे कळेपर्यंत ही तुलना सुरू राहिली.

फरक नेमका कळला की जुने आकडे नव्याशी जोडता येतात. त्यानंतर १९०६ मध्ये कुलाब्याचे चुंबकीय काम थांबले. मे १९०७ मध्ये मुंबईत विजेची पहिली ट्राम धावली. शहराला ट्राम मिळाली आणि विज्ञानाची मालिकाही अखंड राहिली. मुंबईची ट्राम १९६४ मध्ये बंद झाली. अलिबागची वेधशाळा मात्र आजही नोंदी घेत आहे.

साठ वर्षांच्या नोंदींतून काय निघाले?

वेधशाळा हलवण्याचे काम पूर्ण झाल्यावर मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदी एकत्र केल्या. त्यांचा दोन भागांतला ग्रंथ १९१० मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या भागात उपकरणे आणि आकडे आहेत, तर दुसऱ्या भागात त्यांची चर्चा आहे.

संगणक नव्हता. सगळी बेरीज-वजाबाकी हातानेच करायची होती. मूस यांनी अनेक चुंबकीय वादळे घेतली, प्रत्येकाच्या सुरुवातीचा क्षण शून्य मानला आणि त्यांची सरासरी काढली. एकेक वादळ पाहिले तर ते गोंधळाचे दिसते, पण सरासरीतून एक ठरावीक आकार समोर आला. वादळाच्या सुरुवातीला आडवे क्षेत्र थोडे वाढते, मग काही तासांत ते बरेच खाली येते आणि पुढचे काही दिवस हळूहळू पूर्ववत होत जाते. चुंबकीय वादळाचा हा नमुना आजही अभ्यासाचा पाया आहे. पुढच्या काळातल्या भूचुंबकत्वाच्या अभ्यासकांनी मूस यांच्या या कामाची दखल घेतली.

त्यांचा भूकंपाशी काय संबंध?

१८९७ मध्ये आसामात मोठा भूकंप झाला. त्यानंतर भारतात मिल्न पद्धतीचे भूकंपमापक बसवण्यात आले. मुंबईची कुलाबा वेधशाळा हे त्यातले एक ठिकाण होते आणि ते काम मूस यांच्या कारकिर्दीत झाले. देशात भूकंपाची नोंद उपकरणांनी घेण्याची ही सुरुवात होती.

धाराशिवच्या वाचकांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने लातूरसोबत या जिल्ह्यातल्या सास्तूरसारख्या गावांवरही घाला घातला आणि हजारो माणसे गेली. दख्खनचा हा कठीण पाषाण स्थिर आहे, हा समज त्या पहाटे मोडला. जमीन शांत असतानाही तिच्या नोंदी सतत घेत राहायला हव्यात, ही गरज त्यानंतर सगळ्यांनाच पटली.

मूस यांनी दोन दशकांहून अधिक काळ वेधशाळेचे काम पाहिले. १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले.

या जुन्या नोंदी आजच्या उपग्रहाला कशा उपयोगी पडतात?

कुलाबा-अलिबागचे काम पुढे भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आले. १९७१ मध्ये स्वायत्त झालेल्या या संस्थेचे मुख्यालय आता नवी मुंबईजवळ नवीन पनवेलला आहे. जगभरातल्या अशा वेधशाळांचे आणि खास चुंबकीय उपग्रहांचे आकडे एकत्र करून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचे आंतरराष्ट्रीय प्रारूप तयार होते. ते दर पाच वर्षांनी सुधारले जाते, कारण पृथ्वीचे क्षेत्र सतत हळूहळू बदलत असते.

छोट्या उपग्रहाच्या संगणकात हे प्रारूप भरलेले असते. उपग्रह आपण कुठे आहोत हे पाहतो, तिथे क्षेत्र किती असायला हवे हे प्रारूपातून काढतो आणि स्वतःच्या मापकावर आलेल्या आकड्याशी ते ताडून पाहतो. सूर्य कोणत्या दिशेला आहे याची माहिती जोडली की आपले तोंड कुठे आहे हे त्याला कळते. मग कोणत्या गुंडाळीत किती वीज सोडायची, हे ठरते.

चुंबकीय वादळात हा हिशेब बिघडतो. १८५९ च्या वादळातल्या कुलाब्याच्या नोंदी २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी पुन्हा तपासल्या, तेव्हा आडवे क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी खाली आल्याचे दिसले. वादळात वरचे वातावरणही फुगते आणि खालच्या कक्षेतल्या उपग्रहांना अडवते. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टारलिंकने सोडलेल्या ४९ उपग्रहांपैकी बहुतेक उपग्रह अशाच एका वादळामुळे वाया गेले. ते वादळ १८५९ च्या तुलनेत किरकोळ होते.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांनी हे तंत्र वापरले आहे का?

हो. पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला सुमारे एक किलो वजनाचा ‘स्वयम्’ उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही सी-३४ मधून गेला. त्यात दिशा राखण्यासाठी मोटर नव्हती आणि विजेची गुंडाळीही नव्हती. एक कायमचा चुंबक उपग्रहाला होकायंत्राप्रमाणे क्षेत्राच्या दिशेला धरून ठेवे आणि खास मिश्रधातूच्या पट्ट्या त्याचे डुलणे कमी करत. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला पीएसएलव्ही सी-३५ मधून गेलेल्या आयआयटी मुंबईच्या ‘प्रथम’ उपग्रहात तीन मॅग्नेटोर्कर होते.

नव्या अ‍ॅक्च्युएटरची चाचणी कशी घेतात?

जमिनीवर मुख्य अडचण दोन गोष्टींची असते. एक म्हणजे घर्षण. इतका नाजूक पीळ टेबलावर ठेवलेल्या उपग्रहाला हलवू शकत नाही. म्हणून त्याला हवेच्या पातळ थरावर तरंगवतात किंवा बारीक तारेला टांगतात. दुसरी अडचण चुंबकीय गोंगाटाची. त्यासाठी तारांच्या मोठ्या चौकटींच्या तीन जोड्या एकमेकींना काटकोनात उभ्या करतात. याला हेल्महोल्ट्झ पिंजरा म्हणतात. चौकटींतून मोजकी वीज सोडून जागेचे मूळ क्षेत्र आधी शून्यावर आणतात आणि मग कक्षेत असते तसे क्षेत्र तयार करतात.

इथे मूस यांच्यापुढचेच प्रश्न पुन्हा उभे राहतात. प्रयोगशाळेच्या स्लॅबमधल्या सळ्या, शेजारची लिफ्ट, खाली पार्किंगमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या, पंख्याची मोटर हे सगळे आकड्यांत घुसते. तापमान बदलले की मापकही बदलतो. आणि नवे उपकरण घेतले तर जुन्याशी त्याचा सांधा जुळवावा लागतो. खात्रीच्या जुन्या गुंडाळीशेजारी नवी ठेवून, वेगवेगळ्या तापमानांत आणि वेगवेगळ्या प्रवाहांवर दोघींची तुलना पुरी होईपर्यंत नवीवर भिस्त ठेवता येत नाही. त्यानंतर प्रक्षेपणातले हादरे आणि निर्वात पोकळीतली थंडी-उष्णता यांच्या चाचण्या होतात. एकदा कक्षेत गेल्यावर दुरुस्तीला कुणी जाऊ शकत नाही.

धाराशिवमध्ये अशी चाचणी करायची तर?

पहिली पायरी खिशातल्या फोनवरही करता येते. बहुतेक स्मार्टफोनमध्ये होकायंत्रासाठी चुंबकीय मापक असतो आणि त्याचे आकडे दाखवणारी मोफत अ‍ॅप मिळतात. धाराशिव परिसरात मोकळ्या जागी हा आकडा साधारण ४० ते ४५ मायक्रोटेस्लाच्या आसपास यायला हवा. फोन मोटरसायकलजवळ, बोअरच्या मोटरजवळ, लोखंडी कपाटाजवळ नेऊन पाहा. काळ्या पाषाणाच्या मोठ्या खडकाजवळही तो किंचित सरकू शकतो. फोनचे कव्हर चुंबकाचे असेल तर ते आधी काढावे लागेल.

महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना छोट्या उपग्रहाची गुंडाळी तपासायची असेल, तर तांब्याची तार, डीसी पुरवठा आणि मापक हे साहित्य आवाक्यातले आहे. अवघड काम आहे ते शांत जागा शोधण्याचे आणि ती शांत आहे हे आकड्यांनी दाखवण्याचे. त्यासाठी एकाच जागी सकाळ, दुपार, रात्र असे काही दिवस मोजून वही ठेवावी लागते. वाहतूक आणि मोटरपंप बंद असतानाचे आणि चालू असतानाचे आकडे वेगळे लिहावे लागतात. मगच गुंडाळीत वीज सोडल्यावर दिसलेला बदल गुंडाळीचा आहे, असे म्हणता येते. कुलाबा आणि अलिबागच्या दरम्यान मूस यांनी दोन वर्षे हेच केले होते.